इन्साफमॅनचा मुखवटा आणि चवदार तळ्यावरचे उघडे चेहरे

20 मार्चला महाडला जाऊन आलो, त्याच्या पुढच्या शनिवारची गोष्ट. रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीच्या विहारात आम्ही दर शनिवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. दहावी-बारावीची, आयटीआयची, कॉलेजची पोरं-पोरी येतात. महिन्यातून एकदा उसना प्रोजेक्टर आणून सिनेमा बघायचा आणि त्यावर बोलायचं, असा शिरस्ता आहे. त्या दिवशी एका पोराने पेनड्राइव्ह हातात दिला. म्हणाला, "दादा, निंजा पिक्चर आहे. पण पाण्यावरचा. आज हाच लावूया."

पोरगा कराटेच्या क्लासला जातो, ब्राऊन बेल्ट आहे. त्याच्या हिशेबात निंजा म्हणजे झाकलेलं तोंड, रात्रीची वेळ आणि दहा जणांना पुरा पडणारा एकटा माणूस. पिक्चर निघाला विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहिरो’. 1 जून 2018 ला आला आणि पडला. नंतर मात्र त्याला मानणारा मोठा तरुण वर्ग तयार झाला. सुपरहिरो कसा जन्माला येतो, एवढंच सांगणारा हा सिनेमा. गोष्ट मुंबईतली, आणि भांडण पाण्याचं.

बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 2011 च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात भारावलेले काही कॉलेजचे मित्र ‘इन्साफ टीव्ही’ सुरू करतात. डोक्यावर डोळ्यांना भोकं पाडलेल्या कागदी पिशव्या घालायच्या आणि चुकीचं वागणाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर जाब विचारायचा. आंदोलन ओसरतं, वर्षं जातात. सिकंदर खन्ना ऊर्फ सिकू सॉफ्टवेअर कंपनीत लागतो, परदेशी जायची संधी येते, आणि पासपोर्टच्या पडताळणीसाठी तो पोलिसाला लाच देतो. भावेश मात्र तसाच राहतो. महापालिकेच्या पाइपलाइनमधून पाणी चोरून टँकरने विकणाऱ्यांच्या मागे लागतो. दोघा मित्रांचं भांडण होतं, भावेश मारला जातो, वर त्यालाच देशद्रोही ठरवलं जातं. मग सिकू सगळ्यांच्या नजरेआड होतो, मारामारी शिकतो, मोटरसायकल तयार करतो आणि तोंड झाकून ‘इन्साफमॅन’ बनतो.

पोरांनी अडीच तास डोळे मिटले नाहीत. आम्हालाही सिनेमा आवडला. आधी त्याच्या जमेच्या बाजू सांगतो, कारण आपल्याकडे सिनेमावर लिहायचं म्हणजे पहिल्या ओळीपासून झोडपायचं अशी खोड पडली आहे.

पहिली गोष्ट, विषय. आपल्या सुपरहिरोंना सहसा जग वाचवायचं असतं. इथे भांडण नळाच्या पाण्याचं आहे. पाणी ढगातून कमी पडतं म्हणून टंचाई नाही, मधल्या मध्ये कुणीतरी वळवतो म्हणून टंचाई आहे, हे सिनेमा स्वच्छ सांगतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर फिरतो. जांभा दगड पाणी धरत नाही, हे खरं आहे. पण मुरलेलं आणि साठवलेलं पाणी आधी कुठल्या वाडीला जातं, हे काही जांभा दगड ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, हिरो स्वच्छ नाही. सिकूने स्वतः लाच दिलेली आहे. मित्राच्या मरणाची टोचणी त्याला आहे, आणि त्या टोचणीतूनच तो उभा राहतो. ‘भ्रष्ट ते, आपण साधू’ हा 2011 चा भाबडेपणा सिनेमा निदान एका माणसापुरता तरी मोडतो.

तिसरी गोष्ट, मार खरा वाटतो. इन्साफमॅन आपटतो, धडपडतो, त्याला लागतं. रात्रीच्या मुंबईतला मोटरसायकलचा पाठलाग तर पोरांनी पुन्हा लावायला सांगितला. आणि प्रश्न विचारणारा माणूस मरतो, हेही सिनेमा लपवत नाही. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 ला भर सकाळी खून झाला, हे आपण विसरलेलो नाही. भावेशचं मरण बघताना ते आठवलंच.

एक गंमत पोरांना मुद्दाम सांगितली. यातल्या खलनायक पुढाऱ्याचं काम केलंय निशिकांत कामत यांनी. म्हणजे 2005 साली ज्यांनी ‘डोंबिवली फास्ट’ हा मराठी सिनेमा केला तेच. त्यातला बँकेत नोकरी करणारा माधव आपटे एके दिवशी भडकतो आणि हातात बॅट घेऊन व्यवस्था सुधारायला निघतो. तेरा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन सिनेमे. एकाचा नायक आपटे, दुसऱ्याच्या नावातच जोशी. आडनावांवरून कुणाला मोजायचं नाही. पण अन्यायाची चीड यायचा मान आपल्या पडद्यावर कुणाला मिळतो, याची नोंद करायला हरकत नाही. ज्यांना ही चीड पिढीजात आहे, ते अशा सिनेमांत वस्तीतल्या गर्दीत उभे असतात आणि हिरो येण्याची वाट बघतात.

इथून आमचे आक्षेप सुरू होतात.

या सिनेमातल्या पाण्याला जात नाही. चोर आहेत, पुढारी आहे, पोलीस आहेत, टँकर आहेत, पण पाणी नेमकं कुणाच्या तोंडचं काढलं जातं हे धूसर राहतं. 2011 च्या आंदोलनाचीच ही दृष्टी आहे. टेबलाखालून घेतलेले पाचशे रुपये भ्रष्टाचार. पण गावाची पाइपलाइन बौद्धवाडीच्या अलीकडे संपते, ती इंजिनिअरने कागदावर नीट आखलेली असते आणि त्यात एक रुपयाची लाच नसते, तेव्हा त्याला काय म्हणायचं? त्या आंदोलनाकडे याला शब्द नव्हता, म्हणून त्यातून जन्मलेल्या हिरोकडेही नाही.

या सिनेमात स्त्रिया जवळजवळ नाहीत. पाण्यावरचा अडीच तासांचा सिनेमा आणि पाणी भरणारी बाई त्यात दिसत नाही, हे आमच्या वर्गातल्या एका मुलीने पकडलं. ती म्हणाली, "दादा, यांच्या घरात पाणी कोण भरतं?" सगळे हसले. समीक्षा म्हणून एवढं पुरे होतं.

आणि सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे, सार्वजनिक प्रश्नाचा इथे खाजगी सूड होतो. भावेश जिवंत असेपर्यंत प्रश्न पाण्याचा असतो. तो मेल्यावर प्रश्न सिकूचा होतो. लोक बाजूला पडतात. ज्या मुंबईत ही गोष्ट घडते, त्याच मुंबईत पाणी हक्क समितीने उघडपणे न्यायालयात जाऊन भांडण केलं आणि डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही, तो अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सिनेमा त्यानंतर चार वर्षांनी आला. पण कोर्टाच्या तारखांवर पाठलाग चित्रित करता येत नाही, हीच अडचण असावी.

आम्ही वर्गात हे सगळं मोठ्या उत्साहाने मांडलं. मुखवटा वाईट, एकटा हिरो वाईट, व्यक्तिपूजा वाईट. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशाराही सांगितला. पेनड्राइव्ह आणणारा पोरगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दादा, तुमचं बरोबर असेल. पण मी तोंड झाकलं असतं तर माझा बाबा आज कामावर असता."

विहारात कुणीच काही बोललं नाही. आम्हीही नाही.

ही गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर वरचं सगळं लिखाण पोपटपंची ठरेल. हा पोरगा शेजारच्या गावचा. त्याच्या गावात नळपाणी योजना आहे. टाकी वर सड्यावर, आणि पाइपलाइनच्या शेवटी बौद्धवाडी. पाणी सोडलं की वरच्या वाड्यांची टिपं भरतात, आणि बौद्धवाडीच्या नळाला जेमतेम धार धरते तोवर व्हॉल्व्ह बंद होतो. फेब्रुवारीत त्याने पहाटे जाऊन व्हॉल्व्ह बंद करतानाचा व्हिडिओ काढला. त्याच्या मनात होतं तोंडाला रुमाल बांधून, खोट्या नावाच्या अकाउंटवरून तो टाकायचा. आम्हीच त्याला थांबवलं. म्हणालो, आपण चोर नाही, लपायचं कशाला? ग्रामपंचायतीला रीतसर अर्ज दे, खाली स्वतःचं नाव लिही, पोच घे. त्याने तसंच केलं. अर्जावर सही एकट्याची.

त्याचा बाप दरवर्षी गावातल्याच एका बागेत आंबा काढायला जातो. मार्च ते मे. त्या घराचा वर्षाचा हिशेब या तीन महिन्यांवर उभा असतो. यंदा त्याला निरोपच आला नाही. कुणी शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. नुसतं बोलावलं नाही. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात बसवायला जावं तर पुरावा काय? ‘यंदा माणसं पुरेशी आहेत’ एवढं उत्तर तयार आहे.

म्हणजे तो सिनेमा हे पोराने आम्हाला दिलेलं उत्तर होतं. आम्ही त्याला उघड्या चेहऱ्याने पुढे पाठवलं आणि स्वतः शनिवारी वर्ग घ्यायला मोकळे राहिलो. समाजशास्त्रात एम.ए. केलं, बहिष्कार या विषयावर पानंच्या पानं लिहिली, पण वाटेत कुठे काटा आहे हे त्या पोराला आधी सांगायला सुचलं नाही. चूक आमची होती.

त्या रात्री घरी आल्यावर बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ पुन्हा काढलं. सुपरहिरोच्या सिनेमात असतो तसा लहानपणीचा घाव तिथेही आहे, आणि तो पाण्याचाच आहे. 1901 साल. वडील कोरेगावला नोकरीला. भाऊ आणि भाच्यांसोबत लहानगा भीम आगगाडीने मसूरला उतरतो. घ्यायला कुणी आलेलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, बैलगाडीवाले तयार होत नाहीत. दुप्पट भाडं देऊन एक गाडी मिळते, तीही मुलांनी स्वतः हाकायची. डबा सोबत आहे, पण पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर पोचल्यावर गाडीवाल्याच्या सल्ल्याने भीम आपण मुसलमान असल्याचं सांगतो आणि उर्दूत पाणी मागतो. पाणी मिळत नाही. मुलं भरल्या डब्याजवळ उपाशी झोपतात.

हे आपण शंभर वेळा वाचलेलं आहे. आम्हाला त्या रात्री त्यात पहिल्यांदा मुखवटा दिसला. नऊ-दहा वर्षांच्या पोराने पाण्यासाठी घातलेला.

दुसरा मुखवटा बडोद्याचा. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून बाबासाहेब 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी सराईत पारशी नावाने राहिले. थोडेच दिवस. एका सकाळी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि सराई सोडावी लागली. परदेशातल्या विद्यापीठात शिकलेला माणूस बडोद्याच्या बागेत जाऊन बसला.

दोन्ही वेळा मुखवटा भित्रेपणाचा नव्हता, नाइलाजाचा होता. म्हणून आम्ही त्या पोराला ‘लपणं वाईट’ असं बोललो, ते बोलणं उथळ होतं. पण दोन्ही वेळा मुखवट्याने पाणी किंवा छप्पर टिकवून दिलं नाही, हेही तितकंच खरं. मुंबईच्या गर्दीत इन्साफमॅनला चेहरा झाकून हरवता येतं. चाळीस घरांच्या गावात माणूस चालण्यावरून ओळखतात. आणि ज्याची जात वाडीच्या नावातच लिहिलेली आहे, त्याने रुमाल बांधून नेमकं काय झाकायचं?

मग महाड. सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट 1923 मध्ये झाला, तो सीताराम केशव बोले यांनी मांडलेला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. पाणी मात्र बंदच. मार्च 1927 च्या परिषदेसाठी आलेल्या आपल्या माणसांना पिण्याचं पाणी चाळीस रुपयांना विकत घ्यावं लागलं. टँकर नव्हते, पण पाण्याचा बाजार तेव्हाही होता.

20 मार्चला हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली. भर दिवसा, तोंडं उघडी. बाबासाहेब पुढे, पण एकटे नाहीत. दासगावच्या रा. बा. मोरे यांनी गावोगाव फिरून परिषद बांधली होती, अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस सोबत उभे होते. आता वीरेश्वराच्या देवळातही हे शिरणार, अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. अनेकांची डोकी फुटली. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला.

पिक्चरमध्ये असता तर हाच हाणामारीचा प्रसंग. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते, ज्यांना लाठी धरायला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट बघत होते. तो शब्द आला नाही. हात उगारू नका, असं त्यांनी बजावलं. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, कोर्टाचा मनाई हुकूम आला, डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जळाली. आणि तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. ओंजळभर पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

इन्साफमॅन काही रात्रींत हिशेब चुकता करू बघतो. महाडच्या माणसांना एक दशक लागलं. पण त्यांचं काम कुणाच्या मोटरसायकलवर अवलंबून नव्हतं.

कराटेबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो पोरगा बेल्ट काढून ठेवायच्या विचारात होता. त्याला सांगितलं, ठेवू नको. अंगात ताकद असणं आणि शिस्त असणं याला बाबासाहेबांचा विरोध नव्हता. समता सैनिक दल त्याच काळात उभं राहिलं. गणवेश, कवायत, रांग. फरक एवढाच की सिनेमातला हिरो एकट्याने शिकतो आणि अंधारात वापरतो. दलाचा सैनिक सगळ्यांबरोबर शिकतो, उजेडात उभा राहतो, आणि त्याच्या उभं राहण्यानेच पुष्कळदा मारामारीची वेळ टळते.

मग आम्ही काय केलं? एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या गावच्या बौद्धवाडीत बैठक घेतली. पोराला बोलायला लावलं नाही. पाणी भरणाऱ्या बायांना बोलायला सांगितलं. त्यांच्याकडे व्हिडिओपेक्षा पक्का पुरावा निघाला. कुठल्या दिवशी किती हंडे भरले, कितीला धार तुटली, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका मुलीने ते पंधरा दिवस वहीत उतरवलं. दुसरा अर्ज झाला तो एकतीस सह्या-अंगठ्यांचा, पहिल्या अठरा बायांच्या. एक मे च्या ग्रामसभेला सगळे एकत्र गेले. वरच्या वाडीतली दोन कुणबी कुटुंबं, ज्यांची घरंही पाइपच्या शेवटाला आहेत, तीही आमच्या बाजूने बोलली. एकतीस घरांना एकदम ‘यंदा माणसं पुरेशी आहेत’ म्हणता येत नाही. तेवढ्यांना कामावरून काढलं तर आंबा झाडावरच पिकून पडेल.

व्हॉल्व्हच्या वेळा फळ्यावर लिहायच्या, असा ठराव झाला. आता बौद्धवाडीला एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी येतं. पुरेसं नाही. पाइपलाइन वाढवायचा प्रस्ताव कागदावरच आहे. पोराच्या बापाला त्या बागेत काम परत मिळालं नाही. तो उरलेला हंगाम दुसऱ्या गावी गेला, जायचं-यायचं एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून घालून. हे आमच्या खात्यावरचं कर्ज आहे आणि आम्ही ते विसरणार नाही.

तरुण मित्रांनो, ‘भावेश जोशी’ जरूर बघा. पाणी कसं चोरलं जातं हे त्यातून शिका. आणि एकटा माणूस कसा मरतो हेही. फक्त मुखवटा की उघडा चेहरा, या पेचात अडकू नका. आम्ही अडकलो आणि त्याची किंमत एका घराने मोजली. कुणालाही पुढे करण्याआधी त्याच्या मागे किती माणसं उभी आहेत ते मोजा. तेवढी नसतील तर अर्ज थांबवा, आधी माणसं जमवा.

पुढच्या महिन्याचा सिनेमा निवडायचं काम आम्ही त्याच पोराकडे दिलं आहे. तो म्हणतो, पुन्हा निंजाच आणणार.

जय भीम!